राजकीय पक्ष आणि सभासदांचे शिक्षण : बर्लिनच्या पक्षशाळेचा वाद

राजकीय पक्षाने आपल्या सभासदांस शिक्षण द्यावे, याविषयी सहसा मतभेद होत नाही. मतभेद सुरू होतो तो त्या शिक्षणाचे प्रयोजन कोणते, या प्रश्नापाशी. पक्षाचे काम सभासदास सफाईने करता यावे एवढेच पाहावयाचे, की पक्षाच्या धोरणाची चिकित्सा करण्याचे सामर्थ्यही त्याच्या ठिकाणी आणावयाचे? जर्मनीतील सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने 1906 ते 1914 या काळात बर्लिन येथे चालविलेल्या पक्षशाळेच्या इतिहासात हा प्रश्न फार स्पष्टपणे उभा राहिलेला दिसतो.

या पक्षाची शिक्षणविषयक परंपरा जुनी होती. ज्ञानाने सत्ता मिळते हे प्रचलित वचन अपुरे असून, शाळा व राज्ययंत्र धनिकवर्गाच्या हाती असेतो श्रमिकांस खरे ज्ञान लाभणार नाही, असे प्रतिपादन विल्हेल्म लीब्‌क्नेख्ट यांनी 1872 सालीच केले होते. 1878 ते 1890 या बंदीच्या काळात कामगारांच्या गायनमंडळांनी व व्यायाममंडळांनी परस्परसंबंध टिकवून धरले. बंदी उठल्यानंतर 1891 मध्ये बर्लिन येथे कामगार-शिक्षणशाळा निघाली. तथापि 1906 पर्यंत सभासदसंख्या सुमारे 3 लाख 84 हजारांवर गेली, आणि पक्षास संपादक, वक्ते व चिटणीस मोठ्या संख्येने हवे झाले. त्या वर्षीच्या मानहाइम अधिवेशनात लोकशिक्षणाचा प्रश्न चर्चेस आला आणि नोव्हेंबरमध्ये पक्षशाळा उघडली.

शाळेचा क्रम हिवाळ्यातील सुमारे सहा महिन्यांचा असे. निरनिराळ्या प्रांतांतील संघटनांतून निवडलेले सुमारे 30 विद्यार्थी एका वेळी घेतले जात. त्यांत सुतार, खाणकामगार, छापखान्यातील कामगार अशांचा भरणा असे. अर्थशास्त्र, इतिहास व कायदा यांबरोबरच लेखन व वक्तृत्व हेही विषय होते. प्रारंभीच्या शिक्षकांपैकी रूडोल्फ हिल्फरडिंग हे ऑस्ट्रियन व आंटोन पानेकूक हे डच होते. अध्यापन चालू ठेवल्यास हद्दपार करू, अशी धमकी प्रशियाच्या पोलिसांनी दिल्यामुळे त्यांस ते काम सोडावे लागले. हिल्फरडिंग यांच्या जागी 1907 मध्ये रोझा लुक्सेंबुर्ग आल्या. जन्माने त्या पोलंडच्या असल्या, तरी विवाहामुळे जर्मन नागरिकत्व मिळालेले असल्याने हा उपाय त्यांच्यावर चालण्याजोगा नव्हता.

लुक्सेंबुर्ग यांच्या अध्यापनाचा विशेष असा की, सिद्धांत तयार स्वरूपात सांगण्याऐवजी त्या प्रश्नांमागून प्रश्न विचारीत आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरांतील विसंगती त्यांच्याच नजरेस आणून देत. आदिम समाजापासून मजुरीपद्धतीपर्यंतच्या अर्थव्यवस्था क्रमाने मांडल्याने विद्यमान व्यवस्था शाश्वत नव्हे, हे विद्यार्थ्यास स्वतःच उमगावे, असा त्यांचा हेतू होता. या अध्यापनाचा लाभ शिक्षिकेसही झाला. याच व्याख्यानांवरून अर्थशास्त्राचे एक सुबोध पुस्तक सिद्ध करीत असता त्यांस भांडवलाच्या पुनरुत्पादनाच्या उपपत्तीत एक अडचण आढळली आणि तिच्या उलगड्यातून 1913 साली भांडवलसंचयावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ निर्माण झाला.

1908 च्या न्यूर्नबर्ग अधिवेशनात शाळेवर टीका झाली. कुर्ट आयस्नर व माक्स माउरेनब्रेखर हे टीकाकारांत प्रमुख होते. सर्वसाधारण कामगारास मूल्यसिद्धांताहून व्यवहारोपयोगी माहितीची गरज अधिक आहे, आणि निवडक तिसांवर खर्च करण्यापेक्षा जागोजाग फिरून बहुसंख्यांस शिकवावे, असा टीकेचा आशय होता. हा आक्षेप क्षुल्लक नव्हता. लाखोंच्या पक्षात तीस म्हणजे किती, हा प्रश्न रास्तच होता. लुक्सेंबुर्ग यांचे उत्तर असे की, कामगाराजवळ अनुभवाची वाण नाही. कारखाना व संप यांतून वस्तुस्थिती तो रोजच शिकत असतो. त्या विखुरलेल्या अनुभवाची संगती लावणारी दृष्टी मात्र त्यास अन्यत्र मिळत नाही. ती देणे हेच पक्षशाळेचे कार्य होय.

शाळा टिकली, परंतु वादाचा निकाल अधिवेशनाच्या मंडपाबाहेर लागला. 1912 च्या निवडणुकीत 110 जागा जिंकून हा पक्ष जर्मन संसदेत सर्वांत मोठा झाला. 4 ऑगस्ट 1914 रोजी त्याच संसदगटाने युद्धकर्जास संमती दिली. लुक्सेंबुर्ग विरोधकांच्या अग्रभागी राहिल्या; युद्धारंभी बंद पडलेली शाळा पुन्हा उघडली नाही. विरोधकांत त्यांचे एक माजी विद्यार्थी, सुतारकाम केलेले विल्हेल्म पीक हेही होते. हेच पीक पुढे 1949 साली पूर्व जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि त्या राज्यात पक्षशिक्षण हे बव्हंशी अधिकृत मताच्या पाठांतराचे साधन बनले. एकाच वर्गातून प्रश्न विचारण्याची सवयही बाहेर पडते व सत्तेची शिडीही. शिक्षकाच्या हेतूने त्यांतील निवड निश्चित होत नाही.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो. पक्षशिक्षणाचे मोजमाप वर्गांच्या व विद्यार्थ्यांच्या संख्येवरून करणे सोपे असले, तरी ते अपुरे आहे. शिकलेल्या सभासदाने विचारलेल्या प्रश्नास पक्षाच्या निर्णयप्रक्रियेत स्थान होते काय, हे तपासावयास हवे. असे स्थान नसेल, तर उत्कृष्ट शाळाही पक्षाच्या आवारातील एक वेगळी खोली ठरते; 1914 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची शाळा अशीच ठरली.