आईला विचारलं का?

नोव्हेंबर उजाडला की आमच्या बँकेत पेन्शनच्या काउंटरवर जत्रा भरायची. हयातीचा दाखला द्यायचा महिना. कुणी काठी टेकत, कुणी रिक्षातून, कुणी नातवाच्या मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसून यायचं. नोकरीची शेवटची वर्षं मी त्या काउंटरच्या आतल्या बाजूला काढली. तिथलं एक दृश्य पाठ झालंय. मी विचारायचे, "आजी, एफडी मोडायची म्हणताय, नक्की ना?" आणि शेजारी उभा असलेला मुलगा उत्तर द्यायचा, "हो हो, मोडायचीच आहे." मी पुन्हा आजींकडे बघून तेच विचारायचे. पुन्हा मुलगाच बोलायचा. वाईट नसायचा तो. रजा टाकून आलेला, कागद फाइलला नीट लावलेले, आजींची पाण्याची बाटली सांभाळणारा. फक्त आजींना स्वतःला बोलता येतं, हे त्याच्या लक्षातून गेलेलं असायचं.

२०११च्या जनगणनेत साठीपुढची माणसं देशात ८.६ टक्के होती, महाराष्ट्रात ९.९ टक्के. त्यानंतर त्यात भर पडलीय हे कळायला कुठल्याही लग्नातल्या पुढच्या दोन रांगा बघाव्यात. आणि त्यांना सांभाळणारी मुलंही आता काही तरुण नाहीत. मी त्रेसष्टची, जिना उतरताना कठडा धरते. आई सत्त्याऐंशीची.

आई वाईला राहते, लग्न होऊन आली त्याच घरात. मी साताऱ्याला, दादा बंगळुरूला, धाकटा नाशिकला. आई मोरीत घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं, तेव्हा आमच्याकडेही ती बैठक झाली जी घरोघरी होते. जिच्याविषयी बोलायचं ती माजघरात, बोलणारे स्वयंपाकघरात, आणि सगळ्यांचे आवाज बारीक.

दादा म्हणाला, "चार-चार महिने वाटून घेऊ."

मी म्हटलं, "आईला विचारलं का?"

वहिनी म्हणाली, "वन्सं, विचारलं तर त्या 'मी इथंच बरी' म्हणणार."

"मग ते उत्तरच झालं की. तिथून पुढं बोलू."

'इथंच बरी' हे उत्तर आपण हट्ट म्हणून बाजूला टाकतो. आईला बसवून नीट विचारलं, की इथं नक्की काय आहे, तेव्हा तिनं धडाधड सांगितलं. पहाटे नळाला पाणी आलं की शेजारची हाक मारते. गुरुवारी भजन. किराणावाला वही ठेवतो, पोरगं सामान आणून देतं. डॉक्टर तिला नावानं ओळखतात. रात्री अंधारातही संडास कुठल्या हाताला आहे ते पायांना ठाऊक आहे. मग आम्ही विचारलं, काय होत नाही? अंघोळ, वेणी, आणि जड भांडं उचलणं. म्हणजे तीन गावं फिरवण्याइतकी अडचण नव्हतीच. सकाळी दोन तास कुणीतरी हवं होतं आणि रात्री सोबत.

पाळीपाळीनं आईवडील फिरवण्याच्या पद्धतीविषयी माझं मत कडक आहे. भावंडांत न्याय झाल्यासारखा वाटतो, पण तो न्याय भावंडांपुरता. म्हातारपणी नवी खोली अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि पडली की बॅग भरायची वेळ येते. दर गावाला नवा डॉक्टर, जुनी फाइल अर्धी, एकाच रक्तदाबाच्या दोन नावांच्या गोळ्या चालू. स्मरणशक्ती आधीच ढासळत असेल तर ही फिरती तिला आणखी ढासळवते. काही घरांना दुसरा इलाजच नसतो, हे मान्य. पण तो पहिला पर्याय नको.

मनगट प्लास्टरमध्ये असताना खरा तंटा पेटला तो गाऊनवरून. आई आयुष्यभर नऊवारीत. एका हातानं काष्टा घालता येईना. आम्ही तिघांनी मिळून अर्धा डझन गाऊन आणले. तिनं एकही अंगाला लावला नाही. "पारोशा बायका हिंडतात तशी मी ओट्यावर बसू?" शेवटी मला मंगळागौरीच्या खेळांच्या बायका आठवल्या. त्या शिवलेली नऊवारी घालतात, लेंग्यासारखी पायात घालायची आणि वर ओढायची. बाजारात ती झगमगीत कापडाची मिळते. मी आईचीच धुऊन मऊ झालेली इरकल घेऊन शिंप्याकडे गेले. त्यानं विचारलं, "गॅदरिंग आहे का?" नाडीऐवजी रुंद इलास्टिक, पदर खांद्यावर वेल्क्रोनं बसणारा, आणि घोट्याच्या वर चार बोटं आखूड, पायात अडकू नये म्हणून. डाव्या हातानं घालता यायला लागली. प्लास्टर कधीच निघालं, आई अजून तीच वापरते.

हे मी इतकं तपशिलात सांगते, कारण काळजी घेणं म्हणजे मोठाले निर्णय असं आपल्याला वाटतं, आणि म्हातारं माणूस हरतं ते असल्या बारक्या ठिकाणी. मोरीतला दांडा हा असाच. आमचा प्लंबर टॉवेलचा स्टँड लावून मोकळा होत होता. अंगाचा पूर्ण भार घेणारा दांडा वेगळा येतो, त्याचे स्क्रू टाइलमधून आत भिंतीत जावे लागतात, आणि तो कुठं हवा हे उठणाऱ्या माणसाला उठायला लावूनच ठरवायचं. 'वीज जळते' म्हणून आई रात्री दिवा लावत नसे. हालचाल झाली की आपोआप लागणारा छोटा दिवा बसवला. त्याला ती नावं ठेवते, पण बंद करता येत नाही.

रात्रीच्या सोबतीला मावशी मिळाल्या. इथं खर्चाचं बोलायला हवं. ७० वर्षांपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं संरक्षण २०२४च्या ऑक्टोबरपासून सुरू झालं. कार्ड जरूर काढावं. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर कामाला येतं. मावशींचा पगार, कमोडची खुर्ची, डायपर, रोजच्या गोळ्या, हे सगळं खिशातून. आणि मावशी हे माणूस आहे. त्यांनाही गौरी-गणपतीला घरी जायचं असतं, आपल्याकडे नेमके पाहुणे असतात तेव्हाच. त्यांच्या रजेला कोण येणार, हे आमच्या फ्रिजवरच्या कॅलेंडरवर वर्षाच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. दादा पैसे जास्त घालतो, मी रात्री जास्त घालते, धाकटा कागदपत्रं आणि दवाखान्याच्या तारखा बघतो. सारखं वाटलं नाही, ठरवून वाटलं. मुलीनं का करायचं, असं विचारणारे अजून भेटतात. कल्याणच्या एका डॉक्टर मुलीविरुद्ध वडील कोर्टात गेले होते, तेव्हा १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलंय की आईवडिलांना पोसायची जबाबदारी लग्न झालेल्या मुलीवरही आहे.

मागच्या उन्हाळ्यात आई एकदम विचित्र बोलायला लागली. मला तिच्या गेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली, दिवेलागणीला "मला घरी सोड" म्हणाली. दादानं फोनवरच निदान केलं, डिमेन्शिया. घाबरण्यासारखं होतंच. आपल्या देशात साठीपुढच्या शंभरातल्या सात-साडेसात माणसांना तो असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पण डिमेन्शिया महिन्या-महिन्यांनी चढतो, दोन दिवसांत नव्हे. डॉक्टरांनी आधी लघवी आणि रक्त तपासलं. सोडियम बरंच उतरलेलं. उन्हाळा, कमी जेवण, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी. गोळी बदलली, सोडियम भरून काढलं, आणि आई ताळ्यावर आली. लघवीचा जंतुसंसर्ग, झोपेची किंवा सर्दीची नवी गोळी, नुसतं साठलेलं पोट, यानंही म्हातारं माणूस एका रात्रीत भ्रमिष्टासारखं वागू शकतं. अशा वेळी 'वय झालं' म्हणून बसून राहू नये, त्याच दिवशी दाखवावं.

त्या दिवसांत मला आमच्या काउंटरवरचे लोक फार आठवले. वडिलांना काही कळेनासं झाल्यावर मुलं मुखत्यारपत्र घेऊन यायची. त्यांना सांगताना जिवावर यायचं. आपल्या कायद्यात मुखत्यारपत्र देणाऱ्याचीच समज गेली की ते मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे सगळ्यात गरज असते तेव्हाच ते चालत नाही. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयाचा दरवाजा. खातं 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला' अशा पद्धतीनं जोडून ठेवणं, वारसनोंद, मृत्युपत्र, हे माणूस टुणटुणीत असतानाच करायचं. घर मुलांच्या नावे बक्षीसपत्रानं करायचंच असेल, तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द दस्तातच घालून घ्यावेत. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, अट मोडली तर न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द करू शकतं. हा अर्ज प्रांताच्या पातळीवर होतो, दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. 'नटसम्राट' १९७०चं. त्या नाटकातल्या बेलवलकरांनी सगळं वाटून टाकलं तेव्हा हे कलम नव्हतं, आणि असतं तरी ते त्यांनी घातलं असतं असं मला वाटत नाही. आमच्या गिऱ्हाइकांपैकीही बहुतेक जण म्हणायचे, "पोटच्या पोराला अट कसली घालायची?"

आणि शेवटचा कागद. तो काढायला आमचीच हिंमत होत नव्हती, तो आईनं काढला. शेजारच्या आजोबांना अतिदक्षता विभागात बरेच दिवस मशीनवर ठेवलं होतं, ते बघून आल्यावर तिनं विचारलं, "माझं काय करणार आहात?" सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. बरं होण्याची आशा उरली नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवता येतं. सुरुवातीला त्याला न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. २०२३पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. तरी निर्णय घरच्यांच्या एका सहीवर होत नाही. डॉक्टरांची दोन मंडळं तपासून सांगतात. प्रत घरच्या डॉक्टरांना आणि नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला द्यायची असते.

मी मजकूर लिहायला बसले, आई सांगत होती.

"व्हेंटिलेटर म्हणजे ते घशातलं ना? ते नको. छाती दाबणं पण नको."

"सलाइन?"

"ती लावा. तहानलेलं नाही जायचं मला."

"नाकातून नळीनं जेवण?"

ती बराच वेळ गप्प राहिली. "बरी होणार असेन तर घाला. नाहीतर आमटीची चव कळणार नसली तर काय उपयोग?"

स्वतःला बोलता आलं नाही तर कुणी बोलायचं, त्याचं नाव त्यात लिहावं लागतं. दादा थोरला. आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. आई म्हणाली, "धाकट्याचं लिही. त्याला नाही म्हणता येतं. तुम्हा दोघांना नाही."

दादाला लागलं. काही दिवस त्याचा फोन कोरडा यायचा, गोळ्या घेतल्या का, मावशी आल्या का, बस. दिवाळीला आला तेव्हा त्यानं आईला समोर बसून विचारलं, माझं का नाही? "तू रडतोस," आई म्हणाली, "आणि रडताना डॉक्टर म्हणेल त्याला हो म्हणतोस." कागदावर एकापेक्षा जास्त नावं चालतात, हे वकिलांना विचारून आम्ही दुसऱ्या ओळीत दादाचं नाव घालायचं ठरवलं. आईनं चष्मा लावून तो मसुदा पुन्हा वाचला.

"घाला," ती म्हणाली, "पण खाली."