चौदाशे पॅड आणि एक कप

मासिक पाळीचा कप ही वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनची, घंटेच्या आकाराची मऊ वाटी असते. तिच्या तळाला छोटे देठ असते. पॅड आणि कापड रक्त शोषतात, कप ते नुसते साठवतो. दुमडून योनिमार्गात सरकवला की तो आत उमलतो, त्याची कड भोवतालच्या भिंतींना टेकते आणि हलक्या निर्वात पकडीमुळे तो जागेवर राहतो. साधारण कपात 20 ते 30 मिलिलिटर रक्त मावते. संपूर्ण पाळीत सरासरी 30 ते 40 मिलिलिटर, म्हणजे जेवणाच्या मोठ्या चमच्याने दोन-तीन चमचेच रक्त जाते. पॅडवर डाग पसरतो म्हणून अंदाज नेहमी चढा निघतो. कप दिवसातून दोनदा रिकामा केला तरी बहुतेकींचे भागते, ते रक्त मुळात थोडेच जाते म्हणून. मात्र कप कमी भरला असला तरी 12 तासांपेक्षा जास्त वेळ आत ठेवायचा नसतो.

ही वस्तू नवी वाटते, पण तिला नव्वदीच्या घरातले वय आहे. लिओना चाल्मर्स या अमेरिकन अभिनेत्रीला 1937 मध्ये कपाचे पेटंट मिळाले. तो कप लॅटेक्स रबराचा होता. फुग्यांच्या कारखान्यांमुळे पालघर जिल्ह्यातल्या डहाणूकरांना हा माल अनोळखी नाही. दुसऱ्या महायुद्धात रबराची टंचाई झाली आणि कप बाजारातून गेला. नंतर तो पुन्हा आला, पुन्हा मागे पडला. 1987 मध्ये अमेरिकेत ‘कीपर’ हा लॅटेक्सचा कप निघाला आणि 2002 मध्ये ब्रिटनमध्ये सिलिकॉनचा ‘मूनकप’. सिलिकॉन उकळत्या पाण्यात बिघडत नाही, लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असलेल्यांनाही चालते आणि नीट निगा राखली तर दहा वर्षांपर्यंत टिकते.

भारतात या वस्तूचा शिरकाव अजून नावापुरताच आहे. 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 64 टक्के सॅनिटरी नॅपकिन आणि 50 टक्के कापड वापरत होत्या. अनेकजणी दोन्ही वापरतात, म्हणून बेरीज शंभरापुढे जाते. कप वापरणाऱ्या 0.3 टक्के निघाल्या.

पैशाचा हिशेब सोपा आहे. महिन्याला 12 पॅड धरले तर दहा वर्षांत 1,440 होतात. पॅडला पाच रुपये धरले तरी ही रक्कम सात हजारांपुढे जाते. साधा कप तीनशे ते पाचशे रुपयांत मिळतो. अडचण अशी, की पॅडचे पैसे सुटे-सुटे जातात आणि कपाचे एकरकमी मोजावे लागतात. रोजंदारीवरच्या घरात साठ रुपये खर्चातून निघतात, पाचशे मात्र ‘वेगळे काढावे’ लागतात. आणि बाईच्या पाळीसाठी पैसे वेगळे काढण्याची रीत फार घरांत नाही. राज्य सरकारने 8 मार्च 2018 रोजी सुरू केलेल्या ‘अस्मिता’ योजनेत जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत ठेवले होते, ते या सुट्या पैशांच्या व्यवहाराशी जुळणारे होते.

कचऱ्याचा हिशेब तितका सरळ नाही. पॅडमध्ये लाकडाचा लगदा, ओल धरून ठेवणारी पॉलिमरची भुकटी आणि वर-खाली प्लॅस्टिकचे पदर असतात. 2016 च्या घनकचरा नियमांनी वापरलेले पॅड नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकावेत असे सांगितले. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने कागदाच्या पुडीवर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली, म्हणजे वेचणारीच्या हाताला पुडी उघडण्याआधीच आत काय आहे ते कळते. हे जिथे घंटागाडी येते तिथले झाले. डहाणू तालुक्यातल्या आगर, नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी या बंदरपट्टीच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या गावांत आणि कासा, सायवन, तलासरीकडच्या जंगलपट्टीतल्या पाड्यांत पॅडची विल्हेवाट लावणे बहुतेक वेळा घरच्या बाईकडेच असते. वाडीच्या कुंपणापाशी पुरले तर कुत्रे उकरते. पावसाळ्यात किनाऱ्याच्या रेताड जमिनीत खड्डा केला तर तो पाण्याने भरतो. ओले पॅड चुलीत धड जळत नाही, आणि कमी आचेवर प्लॅस्टिक जाळल्याने विषारी धूर होतो. म्हणून कित्येकींना कापडच बरे वाटते. पण कापडाचे दुखणे जून ते सप्टेंबरमध्ये वर येते. ते उन्हात वाळायला हवे, पण रीतीप्रमाणे पाळीचे कापड उन्हात उघडे टाकायचे नसते. साडीखाली किंवा मोरीच्या कोपऱ्यात ते आंबट ओलेच राहते आणि तसेच पुन्हा वापरले जाते.

कपाला वाळवणीची दोरी लागत नाही. मात्र त्याला पाणी, थोडा आडोसा आणि उकळायला एक भांडे लागते. पॅड बाजारावर आणि कचऱ्यावर अवलंबून असतो, कप घरातल्या पाण्यावर. त्यामुळे पॅड सोडून कप घ्यायचा की नाही, याचा निर्णय बाईच्या धिटाईपेक्षा तिच्या मोरीवर जास्त ठरतो.

बंदरपट्टीत घरोघर विहिरी किंवा बोअर आहेत. समुद्राजवळच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते. अशा क्षारयुक्त पाण्यात कप उकळला तर त्यावर पांढरा थर बसतो. तो धोक्याचा नसतो, पण उकळायला पिण्याचे पाणी घेतलेले बरे. जंगलपट्टीत एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात आणि हंडा डोक्यावर येतो. तरी कपाला लागणारे पाणी कापडापेक्षा पुष्कळ कमी आहे: रिकामा करताना हात धुवायला आणि कप खंगाळायला मिळून दोन-तीन तांबे, आणि पाळी संपल्यावर उकळायला एक लहान पातेले. नेपाळच्या चितवन जिल्ह्यात एमिली ऑस्टर आणि रेबेका थॉर्नटन या अर्थतज्ज्ञांनी 198 मुलींचा अभ्यास केला. कप मिळालेल्या मुलींचा पाळीच्या दिवसांत कपडे धुण्याचा सुमारे वीस मिनिटांचा वेळ वाचल्याचे त्यांना दिसले. शाळेतली हजेरी मात्र कपामुळे वाढली नाही. मुळात पाळीमुळे बुडणारे दिवसच तिथे फार थोडे होते. पाळीचे साधन वाटले की शाळेतली गळती थांबते, असे भाषणांतून नेहमी सांगितले जाते. त्या अभ्यासाचा दाखला या वाक्याच्या बाजूने नाही.

कपाचा खरा उपयोग घराबाहेरच्या तासांत होतो. 2013 पासून डहाणू रोडपर्यंत लोकल धावते, आणि पहाटेच्या गाडीने बोईसर, विरार किंवा थेट चर्चगेट गाठणाऱ्या बाईला संध्याकाळपर्यंत पॅड बदलायला धड जागा मिळत नाही. तलासरीहून सीमेपलीकडे गुजरातमधल्या उंबरगाव, भिलाडच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या मुलींची तीच गत (इथे पाळी म्हणजे कामाची; भाषेने दोन्हींना एकच शब्द दिला आहे). डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकणाऱ्या बाईला बाजारात शौचालय सापडेलच असे नाही. सकाळी घरी घातलेला कप संध्याकाळी घरी काढता येतो, हे या सगळ्यांना सोयीचे आहे. दिवाळीनंतर भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांतल्या बायकांना याची गरज सर्वांत मोठी; पण झोपडीला आडोसा नाही, एकच पातेले आणि त्यात भात, अशा जागी कप उकळायचा कशात, हा प्रश्नही तिथेच सर्वांत अवघड. त्यावर स्वस्त तोड म्हणजे झाकणाचा स्टीलचा पेला फक्त कपासाठी ठेवणे. उकळत्या पाण्यात कप पूर्ण बुडावा आणि तळाला टेकून करपू नये एवढे पाहून पाच मिनिटे उकळले की पुरते.

कप घालायला शिकणे हे सायकल शिकण्यासारखे आहे: सांगून थोडे कळते, करून बाकीचे. हात साबणाने धुवावेत. कप ओला करून त्याची कड आत दाबावी किंवा तो इंग्रजी ‘सी’सारखा दुमडावा, उकिडवे बसावे आणि माकडहाडाच्या दिशेने सरकवावा. वर छताकडे ढकलण्याची चूक बहुतेक नवख्या करतात. उकिडवे बसण्याची सवय असलेल्या बायकांना हे खुर्चीच्या कमोडवाल्यांपेक्षा सोपे जाते. आत गेल्यावर तळाभोवती बोट फिरवून तो गोल उमलला आहे ना ते पाहावे. दुमडलेला राहिला तर बाजूने गळतो. काढताना देठाला ओढायचे नसते. देठ फक्त शोधण्यासाठी असते. शौचाला बसल्यासारखा हलका जोर द्यावा, कपाचा तळ चिमटीत दाबून हवा आत जाऊ द्यावी आणि मग तिरका करून बाहेर घ्यावा. निर्वात पकड न सोडता ओढले तर दुखते, आणि ‘कप आत अडकला’ अशी घबराट बहुतेक वेळा यातूनच होते. योनिमार्ग वरच्या बाजूला गर्भाशयमुखाशी संपतो, त्यामुळे कप पोटात हरवू शकत नाही. लघवीची वाट वेगळी असल्याने लघवीसाठी तो काढावाही लागत नाही.

सवय व्हायला दोन-तीन पाळ्या जातात, काहींना जास्त. 2019 मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकाने जगभरातल्या 43 अभ्यासांचा आढावा छापला. त्यात 3,319 स्त्रिया व मुली होत्या. गळती पॅडइतकी किंवा त्याहून कमी होते आणि वापरून पाहिलेल्यांपैकी सुमारे 70 टक्के जणींना पुढेही कपच हवा होता, असे त्यात आढळले. चितवनच्या मुलींत आणखी एक गोष्ट दिसली: जिच्या मैत्रिणीकडे कप होता ती लवकर शिकली. आशाताई, नर्सताई किंवा अंगणवाडीताईने स्वतः महिनाभर वापरलेला कप तिच्या पिशवीतल्या पत्रकापेक्षा जास्त पटवतो.

केरळने कपासोबत शिकवणीही दिली. ऑगस्ट 2018 च्या पुरात मदत छावण्यांतल्या वापरलेल्या पॅडचे काय करायचे, हा पेच पडला होता. 2019 मध्ये अलप्पुळा नगरपालिकेच्या हद्दीत सरकारी कंपनी एचएलएल लाइफकेअरच्या ‘तिंकळ’ उपक्रमातून 5,000 कप मोफत दिले गेले, आणि त्याआधी प्रशिक्षणाचे वर्ग झाले. एर्नाकुलम जिल्ह्यातले कुंबळंगी जानेवारी 2022 मध्ये सॅनिटरी नॅपकिनमुक्त पंचायत म्हणून जाहीर झाले. ही दोन्ही ठिकाणे खाडीकाठची, पाणी साचणारी, खड्डा न टिकणारी आहेत; भूगोलाने डहाणूच्या बंदरपट्टीची मावसबहीण म्हणता येईल. फरक साक्षरतेचा आणि घरोघरच्या शौचालयांचा आहे, आणि तो मोठा आहे.

अविवाहित मुलींच्या बाबतीत आडवा येतो तो योनिपटलाचा प्रश्न. ते लवचिक पातळ पडद्यासारखे असते, त्याचा आकार प्रत्येकीत वेगळा असतो आणि कप घालताना ते ताणले किंवा थोडे फाटले तरी त्यावरून लैंगिक संबंधाबद्दल काहीही ठरत नाही. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील न्यायवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांच्या पाठपुराव्यानंतर 2019 मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने ‘कौमार्याची चिन्हे’ हा भाग अभ्यासक्रमातून काढला, कारण त्याला शास्त्राचा आधार नव्हता. तरीही नको वाटत असेल त्या मुलीवर कप लादण्याचे कारण नाही. तिच्यासाठी लहान आकाराचा कप असतो आणि पॅडही असतो.

काही जणींनी आधी डॉक्टरांना विचारावे. तांबी बसवलेल्या स्त्रियांनी तर नक्कीच: बाळंतपणानंतर तांबी बसवण्याची पद्धत सरकारी दवाखान्यांत रूढ आहे, आणि कप ओढताना तिचा धागा सोबत येऊ शकतो; कप वापरणाऱ्यांत तांबी सरकल्याच्या 13 घटना लॅन्सेटच्या आढाव्यात नोंदल्या आहेत. प्रसूतीनंतर सहा आठवडे कप वापरू नये. अंग बाहेर येत असेल किंवा योनीत संसर्ग असेल तर आधी उपचार करावेत. टॉक्सिक शॉक सिंड्रोम हा जिवाणूंच्या विषाने होणारा आजार कपामुळे अत्यंत क्वचित होतो. त्या आढाव्यात पाच घटना आहेत. पाळीत एकदम जोराचा ताप, उलट्या, अंगावर लाल पुरळ आणि चक्कर आली तर कप काढून ताबडतोब दवाखाना गाठावा.

कपाचा एक फायदा जाहिरातीत फारसा येत नाही. बऱ्याच कपांवर मिलिलिटरच्या खुणा असतात. पाळीत 80 मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जाणे हा अतिरक्तस्राव मानला जातो, आणि पॅडवरून ते मोजता येत नाही. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत; पालघरच्या आदिवासी पट्ट्यात त्यात सिकलसेलची भर आहे. ‘लई जातं’ एवढेच सांगणाऱ्या बाईपेक्षा ‘दिवसाला दोन कप भरतात’ असे सांगणारीचे दुखणे डॉक्टरांना लवकर उमगते.

कप डेटॉल, ब्लीच किंवा स्पिरिटने धुऊ नये. साधे पाणी पुरते. त्याचा रंग उडाला तर हरकत नाही. तो हवा लागेल अशा सुती पिशवीत ठेवावा, बंद प्लॅस्टिकच्या डबीत ठेवू नये. दुसरीचा कप कुणी वापरू नये, सख्ख्या बहिणीचाही. चीर पडली, पृष्ठभाग चिकट झाला किंवा भुकटी सुटू लागली की तो टाकून द्यावा. सिलिकॉन मातीत कुजत नाही, म्हणून शेवटी तोही कचराच. फक्त तो दहा वर्षांतून एकदा, मुठीत मावेल एवढा होतो.