पहिले काही तास गावाचे

19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. बचाव पथकांना भर पावसात डोंगर पायी चढावा लागला, माती उपसणारी यंत्रे वर नेताच आली नाहीत. आपत्तीला तोंड देण्याचे शिक्षण गावालाच का द्यायचे, ते एवढ्यावरून कळते. बाहेरची मदत पोहोचेपर्यंत ढिगाऱ्याशी शेजारीच झुंजत असतो.

महाराष्ट्रात या शिक्षणाचा मोठा धडा किल्लारीने दिला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे 8 हजार बळी घेतले. भूकंप फार मोठा नव्हता. माणसे गेली ती घरांखाली. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती बाहेरून भक्कम दिसत. प्रत्यक्षात आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन थर, मध्ये मातीगोट्यांची भर, आणि दोहोंना बांधून ठेवणारे काहीच नाही. वर मातीचे जड माळवद. हादरा बसताच थर सुटे झाले, भिंत फुगून फुटली आणि माळवद झोपलेल्यांवर आले.

पार उद्ध्वस्त झालेली गावे सरकारने नव्याने वसवली. पण शेकडो गावांतली तडे गेलेली घरे मालकांनी सरकारी मदतीतून स्वतः दुरुस्त करायची होती. इथे महिला मंडळांतील बायका पुढे आल्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने त्या ‘संवाद सहायक’ झाल्या. भिंतीत आरपार दगड कुठे बसवायचा, दारांवरून जाणारा काँक्रीटचा पट्टा चारही भिंतींना कसा आवळतो, लाकडी खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरपा टेकू का द्यायचा, हे आधी त्या शिकल्या आणि मग घरोघर जाऊन सांगू लागल्या. घर पुन्हा बांधताना मिळालेले हे शिक्षण पुढच्या भूकंपाची तयारीही होते. 2001 मध्ये कच्छ हादरले, तेव्हा लातूरकडच्या बायका तिथल्या बायकांना धीर द्यायला आणि अनुभव सांगायला गेल्या. सोसलेल्या माणसाने शिकवलेले लोकांना लवकर पटते.

बांगलादेशाचा अनुभव याहून जुना आहे. 1970 च्या चक्रीवादळात तिथे किमान 3 लाख माणसे मेली. त्यानंतर किनाऱ्यावरच्या गावागावांत स्वयंसेवक तयार करण्यात आले. कर्णा घेऊन कोणी फिरायचे, इशाऱ्याचे झेंडे कोणी लावायचे, म्हाताऱ्यांना कोणी उचलून न्यायचे, हे आधीच ठरलेले. तरीही 1991 च्या वादळात लाखाहून अधिक लोक गेले. इशारा दिला, पण जायचे कुठे? निवारे अपुरे होते आणि घरदार, गुरे सोडून निघायला अनेक जण, विशेषतः बायका, कचरत होते. पुढे निवारे वाढले, स्त्री स्वयंसेवकांची संख्याही वाढली. 2007 च्या ‘सिडर’ चक्रीवादळात मृतांचा आकडा काही हजारांवर थांबला. निवाऱ्याशिवाय प्रशिक्षण अपुरे, हा त्यातला धडा.

भारतात 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राज्य आणि जिल्हा पातळीवर प्राधिकरणे आली. 2016 पासून ‘आपदा मित्र’ योजनेत स्थानिक तरुणांना शोध, बचाव आणि प्रथमोपचार शिकवले जातात. दोन बांबू आणि एका घोंगडीचे स्ट्रेचर, घट्ट झाकणाच्या रिकाम्या डब्यांचा तराफा, पाण्यात उडी न घेता दोर फेकण्याची सवय, अशा साध्या गोष्टी त्यात मोलाच्या ठरतात. त्या हातात बसतात त्या रंगीत तालमीने, व्याख्यानाने नव्हे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना सुरक्षित जागी नेणारी नावच उलटली. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. घाबरलेल्या लोकांना काठावर थोपवून धरणे आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट घातल्याशिवाय नाव न सोडणे, हे नाव वल्हवण्याइतकेच शिकावे लागते.

गावचा आपत्ती आराखडा कपाटात पडून राहिला तर त्याचा उपयोग नाही. पूररेषा कुठवर, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेला माणूस आहे, शाळेच्या खोलीची किल्ली रात्री कोणाकडे, दवंडी कोण देणार, हे नावानिशी लिहिलेले हवे. येत्या मे महिन्यात, पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत हा आराखडा मोठ्याने वाचून दाखवण्याची मागणी प्रत्येक गावाने करावी आणि त्याच आठवड्यात एकदा रंगीत तालीम घ्यावी, तीही रात्रीच्या अंधारात.