घरात चार क्विंटल हळद होती

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झाला आणि त्याच पावसाळ्यात माझा जन्म झाला. माझं वय कुणी विचारलं की आजी जिल्ह्याचं वय सांगायची. आता 2025 ची दिवाळी होऊन गेली, आम्ही दोघंही सव्वीस ओलांडलं. हळदीच्या धंद्याला पाच वर्षं झाली. या पाच वर्षांबद्दल मी मोबाइलवर पुष्कळ बोलले आहे. त्यातलं एक वाक्य चुकीचं होतं आणि ते फार लोकांनी ऐकलं, म्हणून आज लिहायला बसले.

मार्च 2020 मध्ये परभणीच्या कृषी विद्यापीठाचं वसतिगृह बंद झालं. मी अन्न तंत्रज्ञान शिकत होते. घरी आले तेव्हा शेतात हळद शिजवणं चालू होतं. पिशव्या भरून बांधावर ठेवलेल्या, चुलाण पेटलेलं, आणि आई शिजलेल्या कंदात काडी टोचून बघत होती. काडी सहज आत गेली की कढई उतरवायची. त्या वासाने डोळे जड होतात. मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवण, रोज संध्याकाळी गोळा करून झाकून ठेवायचं, आणि शेवटी ड्रममध्ये घालून पॉलिश. शंभर किलो ओल्या हळदीची जेमतेम वीस किलो सुकी हळद हाती लागते. पुस्तकात हा आकडा मी पाठ केला होता. अंगणात तो पहिल्यांदा डोळ्यांनी बघितला.

बाजार बंद होते. घरात चार क्विंटल हळकुंडं पडून होती. जूनमध्ये थोडी मोकळीक मिळाल्यावर गावातल्या कांडपावरून दहा किलो दळून आणली आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला फोटो टाकला. पुण्यातल्या एका मैत्रिणीने दोन किलो मागवली. माझं पहिलं गिऱ्हाईक तीच.

29 जून 2020 ची रात्र मला आठवते. टिकटॉक बंद झालं आणि माझा चुलतभाऊ जेवलाच नाही, त्याचे बरेच फॉलोअर होते. त्याच दिवशी केंद्र सरकारने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना सुरू केली होती. प्रकल्पाच्या पस्तीस टक्के अनुदान, जास्तीत जास्त दहा लाख. तिची बातमी आमच्या घरी यायला दीड वर्ष लागलं. माझं दळण यंत्र पुढे त्याच योजनेतून आलं. तोवर शंभर रुपये भरून अन्नसुरक्षेची नोंदणी काढली होती आणि चुलतभावाने मला रील करायला शिकवलं होतं. कॅमेरा कुठे धरायचा, पहिल्या तीन सेकंदांत काय दाखवायचं, हे सगळं त्याचंच.

माल पाठवायचा कुठून, हा प्रश्न वारंगा फाट्याने सोडवला. इथे नांदेडचा, हिंगोलीचा आणि यवतमाळ-नागपूरचा रस्ता एकत्र येतो. गाड्या थांबतात त्या खिचडीसाठी. पहाटेपासून मोठ्या पातेल्यातून वाफ निघत असते, ड्रायव्हर उभ्यानेच ताटली संपवतात. या फाट्यावर बाईमाणूस बसची वाट बघत उभं राहतं, धंद्यासाठी कुणी उभं राहत नव्हतं. पहिल्या दिवशी मी पिशवी छातीशी धरून झाडाखाली उभी होते. एका हॉटेलवाल्या मामांनी विचारलं, "पोरी, कुणाची वाट बघतीस?" सांगितल्यावर त्यांनी गल्ल्याशेजारचा बाक रिकामा करून दिला. दोन वर्षं माझी पार्सलं त्या बाकावर राहिली. नांदेडकडे जाणाऱ्या गाडीत ती मामाच ठेवायचे, ड्रायव्हर कुरिअरच्या दारात उतरवायचा. भाडं म्हणून कुणी चहापेक्षा जास्त काही घेतलं नाही. रस्ता रुंद झाला, हॉटेल मागे सरलं, बाकही मागे सरला.

2022 च्या एप्रिलमध्ये एक रील चालली. आई काडी टोचते तीच. दोन दिवसांत चारशेवर ऑर्डर आल्या आणि माझ्याकडे माल होता नव्वद लोकांपुरता. मी घाबरले आणि एका व्यापाऱ्याकडून तयार पूड घेऊन पाकिटं भरली. वास कमी होता, ते मला कळत होतं. मी अन्न तंत्रज्ञान शिकलेली मुलगी, मी ती तपासायला हवी होती. आठवड्याने नाशिकहून एका काकूंचा फोन आला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बाळा, मागच्या वेळची भाजी पिवळी झाली होती, या वेळी झाली नाही." त्या रात्री मी यादी काढली आणि पुढच्या महिनाभरात सगळ्यांचे पैसे परत केले. तोटा किती झाला ते वहीत आहे. त्या काकूंनी थेट वाईट शेरा लिहिला असता तर मी तिथेच संपले असते.

आणि 2023. ते वर्ष आमच्याकडचा शेतकरी विसरणार नाही. मार्चमध्ये मी गावातल्या पाच घरांकडून तेव्हाच्या बाजारभावाने हळद उचलली, पैसे दिवाळीला देण्याच्या बोलीवर. कागद नाही, सही नाही. पावसाळा लागला आणि दर चढत गेले, ऑगस्टपर्यंत दुपटीवर. माझ्या खोलीतली हळद रोज महाग होत होती आणि ती ज्यांची होती ते समोरच्या गल्लीत राहत होते. वडील म्हणाले, बोली म्हणजे बोली, भाव पडला असता तर त्यांनी तुला सूट दिली असती का? बरोबर होतं ते. पण त्यांनी मला पैसे न घेता माल दिला म्हणून तर खोली भरलेली होती. मी चार रात्री हिशेब मांडला आणि दिवाळीला वाढलेल्या दरातला निम्मा फरक पाचही घरांत पोचवला. एका आजोबांनी नोटा मोजल्या नाहीत, थेट देव्हाऱ्यात ठेवल्या. या गोष्टीची रील मी केली नाही. कॅमेरा घेऊन त्या घरात शिरवलं नाही मला.

पुढच्या वर्षी महिला दिनाला मात्र एक व्हिडिओ केला. 'शून्यातून उभा केलेला उद्योग' असं त्याचं नाव. तेव्हापर्यंत आम्ही बारा बाया कामाला होतो. व्हिडिओ लाखभर लोकांनी पाहिला. आईने रात्री भांडी घासून झाल्यावर चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, "शून्य कुठं होतं गं? घरात चार क्विंटल हळद होती की."

मला उत्तर आलं नाही. मालेगाव तालुक्यातल्या कमलेश घुमरे यांचा, शार्क टँक या टीव्हीवरच्या उद्योजकांच्या कार्यक्रमातला भाग मी तेव्हा पुन्हा लावून बघितला. फवारणीची गाडी, दहा लाखांना चाळीस टक्के हिस्सा, वर वीस लाखांचं बिनव्याजी कर्ज. हे सगळं मला पाठ होतं. त्यांच्या शेजारी त्यांचा चुलतभाऊ उभा होता, हे मात्र मी विसरून गेले होते. मोबाइलच्या पडद्यावर एकच चेहरा मावतो, आणि दुसऱ्याला चौकटीबाहेर ठेवण्याची आपल्याला सवय लागते. मी व्हिडिओचं नाव बदललं. पाहणाऱ्यांची संख्या घसरली. त्याच महिन्यात आमच्या जिल्ह्यातल्या वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मेघालयाच्या लाकाडाँग हळदीशी तुलना करणारे प्रश्न येऊ लागले. लाकाडाँगमध्ये कुरकुमिन सात टक्क्यांच्या आसपास असतं, आमच्या सेलम जातीत कमी. तसंच लिहून टाकते. ऑर्डर थांबल्या नाहीत.

आता माझी एक वेगळी वही आहे. तिच्यात येणं नाही, फक्त देणं. मैत्रिणीचे दोन किलो, मामांचा बाक, नाशिकच्या काकू, चुलतभावाचे तीन सेकंद. काही देणी फेडता आली. मामांच्या हॉटेलला वर्षाची हळद माझ्याकडून जाते, फुकट ते घेत नाहीत म्हणून भांडण होतं. बारा जणींची मजुरी शनिवारी संध्याकाळी हातात पडते, रविवारवर जात नाही. पहिली चार क्विंटल हळद आईची होती. त्या पानावर मी अजून रक्कम लिहिलेली नाही.

परवा शेजारच्या गावची एक मुलगी भेटायला आली. बारावी झालेली, हातात मोबाइल, माझे सगळे व्हिडिओ पाहिलेले. म्हणाली, "ताई, आमच्याकडं काहीच नाही. शून्यातून कसं सुरू करायचं?"

मी विचारलं, घरात काय आहे?

"तीळ हाय थोडी. अन् जवस."

"किती?"

"मोजली न्हाई."

मी काटा गाडीत टाकला आणि आम्ही दोघी तिच्या घरी गेलो.