झडपेच्या रुग्णाची गोळी : ब्रँडची की जेनेरिक?

हृदयाची निकामी झडप काढून तिथे यांत्रिक झडप बसवली, की तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून जन्मभर गोळी घ्यावी लागते. प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेली झडप असेल, तर हा काळ बहुधा तीन ते सहा महिन्यांचा असतो. बायपासनंतर मुख्य भर ॲस्पिरिनवर असतो. तिच्या मात्रेत थोडी मोकळीक असल्यामुळे कंपनी बदलली तरी सहसा बिघडत नाही. ब्रँडचा प्रश्न खरा अडतो तो वॉरफरिन आणि असेनोकुमारॉल या दोन औषधांपाशी.

रक्त गोठवणारे काही घटक यकृत ‘के’ जीवनसत्त्वाच्या मदतीने तयार करते. ही औषधे नेमके तेच काम मंदावतात. परिणाम किती झाला, हे आयएनआर या रक्ततपासणीने कळते. औषध न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो. महाधमनीच्या यांत्रिक झडपेसाठी तो साधारणपणे २ ते ३, तर मायट्रल झडपेसाठी २.५ ते ३.५ ठेवतात. आकडा खाली गेला तर झडप अडकण्याचा किंवा गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होण्याचा धोका, फार वर गेला तर रक्तस्रावाचा. एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात चालायचे असल्यामुळे गोळीतला किरकोळ फरकही मोजावा लागतो.

जेनेरिक गोळीत मूळ ब्रँडचेच औषध तितक्याच मात्रेत असते. रंग आणि पूरक द्रव्ये वेगळी असू शकतात. ती रक्तात मूळ गोळीइतकीच उतरते का, हे माणसांवर चाचणी करून पाहतात. त्यासाठीची ८० ते १२५ टक्के ही मर्यादा ऐकून अनेकांना वाटते, की जेनेरिकमध्ये औषध वीस टक्के कमी असले तरी चालते. तसे नाही. ही मर्यादा गोळीतल्या औषधाच्या वजनाची नसून संख्याशास्त्रीय अंदाजाच्या दोन टोकांची आहे. ती दोन्ही टोके आत बसायची, तर सरासरी फरक बराच कमी असावा लागतो. वॉरफरिनसारख्या नाजूक औषधांना अमेरिकेचे औषध प्रशासन याहून कडक कसोटी लावते.

हा वाद सर्वांत जास्त गाजला तो अमेरिकेतच. वॉरफरिनला तिथे १९५४ मध्ये माणसांसाठी मान्यता मिळाली आणि ‘कुमाडिन’ हा ब्रँड रुजला. १९९७ मध्ये जेनेरिक आले, तेव्हा मूळ कंपनीने जोरदार विरोध केला. पुढे झालेल्या तुलनांमध्ये रुग्णांच्या गटांत मोठा फरक आढळला नाही. एखाद्या रुग्णाचा आकडा मात्र बदलानंतर हलू शकतो. गंमत म्हणजे २०२० मध्ये उत्पादनातल्या अडचणींमुळे कुमाडिनच बंद झाले आणि त्यावर ठाम असलेल्यांनाही जेनेरिककडे वळावे लागले.

भारतात चित्र निराळे आहे. इथे एकाच औषधाच्या अनेक कंपन्यांच्या गोळ्या आपापल्या नावाने विकल्या जातात. म्हणजे ‘ब्रँडची’ म्हणून घेतलेली गोळीही बहुधा जेनेरिकच असते. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव लिहावे, हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा नियम ऑगस्ट २०२३ मध्ये आला आणि त्याच महिन्यात स्थगित झाला. तेव्हा महाग की स्वस्त यापेक्षा, महिन्यामागून महिने तीच गोळी मिळते का, हे अधिक महत्त्वाचे. परवडणारी आणि जवळच्या दुकानात नेहमी मिळणारी गोळी निवडून तीच चालू ठेवावी. गोळ्या संपत आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा थोडा साठा घरी असलेला बरा.

बदल करावाच लागला, तर डॉक्टरांना कळवून आठवड्याभरात आणि नंतर पुन्हा आयएनआर तपासून घ्यावा. कंपनी बदलण्यापेक्षा औषधच बदलले जाणे जास्त घातक. भारतात असेनोकुमारॉल बरेच वापरले जाते. मिलिग्रॅमला मिलिग्रॅम ते वॉरफरिनपेक्षा जवळजवळ दुप्पट प्रभावी असते आणि त्याचा अंमलही लवकर ओसरतो. म्हणून एकाच्या जागी दुसरे देणे म्हणजे पर्यायी ब्रँड देणे नव्हे. पाकिटावरचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही वाचावेत. अर्धी किंवा पाऊण गोळी घेणाऱ्यांनी तर आवर्जून, कारण नव्या पाकिटातली गोळी वेगळ्या ताकदीची निघाली तर सगळा हिशेब चुकतो.

आकडा बिघडला की दोष नव्या कंपनीला देण्याची घाई होते. पण मेट्रोनिडाझोल किंवा फ्लुकोनाझोल तो वर नेतात, क्षयावरचे रिफाम्पिसिन खाली ओढते आणि अंगदुखीवर परस्पर घेतलेली गोळी आकडा ठीक असतानाही पोटात रक्तस्राव घडवू शकते. पालक, मेथी वर्ज्य नाहीत. त्यांचे प्रमाण रोजच्या जेवणात साधारण सारखे असावे, एवढेच.

तपासणीची कटकट नको म्हणून डाबिगाट्रान, अपिक्साबान अशा नव्या औषधांबद्दल विचारणा होते. यांत्रिक झडपेच्या रुग्णांवर डाबिगाट्रानची चाचणी जास्त गुठळ्या आणि रक्तस्रावामुळे मध्येच थांबवावी लागली. अपिक्साबानचीही चाचणी २०२२ मध्ये थांबली. त्यामुळे यांत्रिक झडप असलेल्यांसाठी ही औषधे, मग ती ब्रँडची असोत वा जेनेरिक, पर्याय ठरत नाहीत.