गुळाचं आहे, काही होत नाही

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हे वाक्य कानावर पडायला सुरुवात होते. "घ्या हो वहिनी, गुळाची आहे, काही होत नाही." समोर बशीत गुळपोळी, वर तुपाची धार, आणि वहिनींना दहा वर्षांचा मधुमेह. मग होळीची पुरणपोळी येते, नागपंचमीची दिंडं येतात, गणपतीत उकडीचे मोदक, दिवाळीत अनारसे. सण बदलतो, वाक्य तेच राहतं. प्रेमानं म्हटलेलं असतं म्हणून कुणी खोडून काढत नाही. मीही कितीदा गप्प बसले आहे.

माझ्या मावशीमुळे गप्प बसणं सोडलं. मधुमेह निघाल्यावर तिनं साखरेची बरणी फळीवरून कायमची उतरवली. चहा गुळाचा, जेवणावर गुळाचा खडा, दुपारी गुळातला शेंगदाण्याचा लाडू. इतकं पथ्य पाळूनही तिच्या रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी वाढलेलीच आली. डॉक्टरांनी विचारलं, "गोड काय काय खाता?" मावशी म्हणाली, "काहीसुद्धा नाही." मी शेजारीच बसले होते. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी गूळ हे गोड नव्हतंच, ते औषध होतं.

गूळ ही साखरच आहे. ती साखरेची बहीण नाही आणि साखरेला पर्यायही नाही. हे पटायला एकदा गुऱ्हाळावर जाऊन उभं राहावं. कोल्हापूरकडे हंगामात चरकातून निघालेला रस मोठ्या काहिलीत पडतो, खालच्या चुलवाणात चिपाडाचा जाळ असतो. रस तापला की रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस त्यात घालतात. त्याला धरून गाळ आणि फेस वर येतो, तो झाऱ्यानं काढत राहायचं. रस आटतो, रंग पालटतो, बुडबुडे जड होतात. गुळव्या काहिलीवरची नजर काढत नाही. मधेच थोडा पाक थंड पाण्यात टाकून तो बोटांनी वळून बघतो. गोळी हवी तशी झाली की काहील उतरवायची, पाक वाफ्यात ओतून घोटायचा आणि साच्यात भरायचा. एक टन उसाचा साधारण शंभर-सव्वाशे किलो गूळ होतो. या सगळ्या खटाटोपात उडून जातं ते पाणी. उसातली साखर कुठेही जात नाही, ती ढेपेतच बसलेली असते.

साखर कारखान्यात हाच रस शुद्ध करून आटवतात, दाणे पाडतात आणि यंत्रात गरगर फिरवून मळी वेगळी काढतात. गुळात ती मळीही राहते. रंग, खमंगपणा, किंचित खारट-तुरट चव आणि थोडे क्षार हे सगळं त्या मळीचं देणं. फरक आहे तो एवढा, आणि चवीच्या दृष्टीनं तो फार मोठा आहे. रक्तातल्या साखरेच्या दृष्टीनं तो जवळजवळ नाहीच.

शंका असेल त्यांनी आपल्या अन्नसुरक्षा कायद्याची मानकं पाहावीत. उसाच्या गुळात, ओलावा सोडून, एकूण साखर किमान ९० टक्के असलीच पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे ज्यात साखर कमी, तो गूळ कायद्याच्या लेखी खोटा. उष्मांकही जवळपासच आहेत. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४००, तर गुळात साडेतीनशे ते पावणेचारशेच्या आसपास. जो थोडा फरक दिसतो तो मुख्यतः गुळातल्या ओलाव्यामुळे.

आता ताटाकडे या. पाव किलो हरभरा डाळीला पाव किलो गूळ, हे घरोघरचं प्रमाण. त्यात बेताच्या आठ पोळ्या होतात. म्हणजे एका पोळीत तीस ग्रॅमच्या आसपास गूळ, सहा चमचे साखरेइतका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं, की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवता आली तर आणखी चांगलं. दोन हजार उष्मांकांच्या आहारात हे पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. एका पुरणपोळीत ते संपतात, कटाच्या आमटीतला खडा धरलाच नाही. ही मर्यादा धडधाकट माणसासाठी आहे. मधुमेही माणसाला "गुळाची आहे, आणखी एक घ्या" म्हणताना आपण काय वाढतो आहोत, ते यावरून कळावं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "गूळ सावकाश पचतो, साखर एकदम चढते." गुळात तंतू नाहीत. त्यातली मुख्य साखर तीच, सुक्रोज. उलट काही भाग आधीच ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटलेला असतो, तो शोषायला आतड्याला फारसं काम उरत नाही. पुरणपोळीची साखर थोडी संथ चढत असेल तर ते श्रेय डाळीचं आणि तुपाचं. तोच गूळ चहात विरघळवला तर तेवढाही आडोसा राहत नाही.

दुसरं ठरलेलं उत्तर आजीचं. "आमची आजी नव्वद वर्षं जगली, गूळच खायची." खायची, पण किती आणि कधी? पुरणाचा घाट वर्षातून चार-पाच वेळा घातला जायचा. एरवी उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गूळ-पाणी, नाहीतर थंडीत बाजरीच्या भाकरीशी एक खडा. दिवसभर विहीर, जातं, शेत. आपण तिचा गूळ उचलला आणि बाकीचा दिवस सोडून दिला.

सगळ्यात जास्त राग मला लोहाच्या गोष्टीचा येतो, कारण इथे पोरीबाळींचं नुकसान होतं. हिमोग्लोबिन कमी आलं की घरात फर्मान सुटतं, "रोज गूळ-शेंगदाणे खा", आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या ड्रॉवरमध्ये पडून राहतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम गुळात साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह दिलं आहे. त्याच संस्थेनं २०२० मध्ये प्रौढ स्त्रीची रोजची गरज २९ मिलिग्रॅम सांगितली. सुपारीएवढ्या दहा ग्रॅमच्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅमही मिळत नाही. सगळी गरज गुळावर भागवायची तर दिवसाला सहाशे ग्रॅमहून जास्त गूळ खावा लागेल! तिळगुळाच्या वडीतलं लोह आणि कॅल्शियम मोजायचं तर ते तिळाच्या नावावर मांडा. गुळाचं काम तिथे तीळ धरून ठेवण्याचं आणि तोंड गोड करण्याचं. मुलगी थकलेली दिसते, तिच्या गोळ्या संपतात की नाही ते आधी बघा.

रंगाबद्दलही दोन्ही बाजूंनी बोललं जातं. पिवळाधमक गूळ उत्तम, असं मानणाऱ्या गिऱ्हाइकासाठीच काही गुऱ्हाळांत हायड्रॉस पावडर पडते. ती गंधकाची असते आणि रंग उजळवते. आता वारं फिरलंय, काळा गूळ म्हणजे सेंद्रिय असं धरून दुप्पट पैसे मोजले जातात. गूळ काळसर व्हायला चोपण जमीन पुरते, पाक जास्त शिजला तरी होतो, जुना झाला तरी होतो. रंगावरून शुद्धता कळत नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या नावाचा मान ठेवायचा तर गूळ ओळखीच्या गुऱ्हाळाचा किंवा खात्रीच्या दुकानातला घ्यावा आणि जिभेवर ठेवून बघावा.

किरकोळ गैरसमज पुष्कळ आहेत. खिरीत गूळ घातला आणि दूध फाटलं म्हणजे गूळ भेसळीचा, हे खरं नाही. गूळ थोडा आंबटसर असतो आणि उकळत्या दुधाला तेवढं पुरतं. खीर उतरवून कोमट झाल्यावर गूळ घाला. माडाच्या किंवा ताडाच्या गुळानं साखर वाढत नाही, हेही चूक, तिथेही मुख्य साखर सुक्रोजच. मधानंही साखर वाढतेच. बाळाच्या नाचणीच्या सत्त्वात "गूळच तर आहे" म्हणून घालू नये, पहिली दोन वर्षं वरून गोड नको असं बालरोगतज्ज्ञ सांगतात.

हे वाचून कुणी पुरणात साखर घालायला निघालं तर मला वाईट वाटेल. साखरेचं पुरण गोड होतं आणि तिथेच थांबतं. डाळ शिजून गूळ पडल्यावर पातेल्यातून जो वास उठतो, वेलदोडा-जायफळ घालण्याआधीचा, तो गुळाचाच. गुळपोळीचं सारणही गुळाशिवाय होत नाही. किसलेला मऊ गूळ, भाजलेल्या तिळाचं कूट, तेलात खमंग परतलेलं थोडं बेसन, सगळं हातानं मळून एकजीव केलेलं. तव्यावर पोळी फुगते, कडेनं एक थेंब पाक फुटतो आणि तिथे काळा डाग पडतो. ती जळकट चव ज्याच्या वाट्याला येते त्यानं कुणाला सांगू नये, नाहीतर मागणी येते. या चवीसाठी गूळ खावा, सणाला खावा, आणि गोड खातोय हे माहीत असताना खावा.

मावशी यंदा होळीला आली तेव्हा पुरण मीच शिजवलं. एक वाटी डाळीला पाऊण वाटी गूळ घातला, कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिनं अर्धी पोळी मागितली, भात बाजूला ठेवला, कटाची आमटी दोनदा घेतली. शेजारच्या काकू आग्रह करायला पुढे झाल्या, "अहो, गुळाची आहे." मावशी म्हणाली, "म्हणूनच अर्धी घेतली," आणि तुपाची वाटी जवळ ओढली.