कॉक्स (नौकानयन)

कॉक्स म्हणजे रोइंग या नौकानयन क्रीडाप्रकारात बोटीचे सुकाणू सांभाळणारा आणि चमूला सूचना देणारा खेळाडू होय. वल्हेकरी बोटीच्या मागील टोकाकडे तोंड करून बसतात. त्यामुळे पुढचा मार्ग केवळ कॉक्सलाच दिसतो. कोळ्यांच्या होडीवरील तांडेलाशी त्याच्या कामाचे साम्य आहे. मात्र शर्यतीची बोट अतिशय अरुंद असल्यामुळे दिशेइतकीच समतोलाचीही काळजी कॉक्सला घ्यावी लागते.

आसन व सुकाणू

आठ वल्हेकऱ्यांच्या बोटीत कॉक्स मागील टोकाशी बसतो. चार वल्हेकऱ्यांच्या बहुतेक आधुनिक बोटींत तो पुढील टोकात आडवा असतो. तेथून त्याला चमू दिसत नाही, म्हणून बोटीची हालचाल आणि वल्ह्यांचा आवाज यांवरूनच त्याला दोष ओळखावे लागतात. सुकाणू वळवले की पाण्याचा अवरोध वाढतो आणि बोट कलू शकते. त्यामुळे ते थोडे, हळुवारपणे आणि सर्वसाधारणपणे वल्ह्यांची पाती पाण्यात असताना वळवतात.

बोटीचा समतोल

आठ जणांची बोट सुमारे १७ मीटर लांब असली, तरी पाण्याच्या पातळीला तिची रुंदी ६० सेंटीमीटरच्या आसपासच असते. पाती पाण्यात असताना वल्ह्यांचा आधार मिळतो. ती बाहेर आल्यावर, वल्हेकरी सरकत्या आसनावरून पुढील फटक्यासाठी जात असताना, बोट सर्वाधिक अस्थिर होते. बोट कलण्याची प्रमुख कारणे अशी :

* दोन्ही बाजूंच्या वल्ह्यांच्या मुठी कमीअधिक उंचीवर असणे
* पाती एकाच क्षणी पाण्यात न जाणे किंवा बाहेर न येणे
* शरीराचा भार मध्यरेषेबाहेर जाणे

बोट ज्या बाजूला कलते, त्या बाजूच्या वल्हेकऱ्यांनी मुठी किंचित उचलाव्यात व दुसऱ्या बाजूच्यांनी खाली घ्याव्यात, अशी सूचना दिली जाते. कॉक्सने स्वतः दुसऱ्या बाजूला झुकून तोल सावरणे चुकीचे मानतात, कारण त्यामुळे मूळ दोष झाकला जातो.

सूचना व सराव

चांगली सूचना थोडक्यात असते आणि काय चुकले यापेक्षा काय करावे हे सांगते. दोष एकाचाच असल्यास आसनक्रमांक उच्चारतात आणि सुधारणा होताच तसेही सांगतात. सरावात निम्मे वल्हेकरी पाती पाण्यावर टेकवून बोट स्थिर धरतात व उरलेले वल्हवतात. ठरावीक ठिकाणी क्षणभर थांबणे आणि डोळे मिटून वल्हवणे हेही सरावाचे प्रकार आहेत. २,००० मीटरच्या शर्यतीत गती केव्हा वाढवावी, हेही कॉक्स सांगतो.

वजनाचे नियम

कॉक्स वल्हवत नसल्यामुळे त्याचे वजन कमी असणे चमूच्या फायद्याचे ठरते. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या जोडीने आपला कॉक्स बदलून ऐनवेळी एका लहान मुलाला बसवले व सुवर्णपदक जिंकले. त्या मुलाचे नाव तेव्हा नोंदवलेच गेले नाही. आता आंतरराष्ट्रीय स्पर्धांत कॉक्सचे किमान वजन ५५ किलोग्रॅम आहे. ते कमी भरल्यास तेवढे जड वजन बोटीत ठेवावे लागते. २०१७ पासून कॉक्स स्त्री किंवा पुरुष कोणीही असू शकतो. ब्रिटनच्या हेन्री फील्डमन याने टोकियोत पुरुषांच्या, तर २०२४ मध्ये पॅरिसला महिलांच्या आठ जणांच्या चमूसह कांस्यपदक मिळवले.

महाराष्ट्रात व भारतात

पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ मध्ये स्थापन झाला असून त्याचा वार्षिक रेगाटा मुळा नदीवर होतो. दापोडी येथील लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात लष्कराचे रोइंग प्रशिक्षण केंद्र आहे. नाशिक जिल्ह्यातील दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी प्रकारात १३वा आला. या प्रकारात कॉक्स नसतो व खेळाडूला मान वळवून स्वतःच दिशा पाहावी लागते. २०२३ मध्ये हांगचौ येथे झालेल्या आशियाई खेळांत भारताच्या आठ जणांच्या चमूने रौप्यपदक मिळवले. त्या चमूचा कॉक्स धनंजय उत्तम पांडे होता.